मिटल्या तोंडानं

डोळ्यांत थेंब घातल्यावर नर्सनं प्रगतीला भिंतीलगतच्या खुर्चीत बसवलं आणि हाक मारेपर्यंत डोळे मिटून राहा म्हणाली. चष्म्याचा नंबर वाढला होता, बाकी काही नव्हतं. संध्याकाळी लिहायला बसलं की कागदावरच्या स्वरांच्या रेघा एकमेकींत मिसळायला लागायच्या. डोळे मिटल्याबरोबर कोथरूडमधला तो दवाखाना नुसत्या आवाजांचा होऊन गेला. एसीची घरघर, फरशीला चिकटून सुटणारी कुणाची तरी चप्पल, काउंटरवर आडनावं चुकीची पुकारणारी मुलगी. प्रगतीला असं बसणं वाईट वाटत नव्हतं. ऐकणं हा तिचा धंदाच होता, आणि धंद्यातल्या माणसाच्या सवयीनं ती आवाज सुटे करून बाजूला ठेवत होती. हा खालचा, हा वरचा, हे दोन एकमेकांना घासतायत. मग शेजारच्या खुर्चीत कुणीतरी तान्ह्या मुलाला थोपटत तोंड मिटून गुणगुणायला लागलं. सूर पायऱ्या उतरल्यासारखा खाली यायचा, एका जागी अडून बसायचा, तिथंच रेटा द्यायचा आणि शेवटी एकदम वर उठून थांबायचा. प्रगतीचं बोट त्या सुराबरोबर मांडीवर चालायला लागलं. ते काय आहे हे डोक्याला त्यानंतर कळलं. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांसाठी तिनं लिहिलेल्या रचनेचा तो तिसरा भाग होता. जसाच्या तसा. ती रचना जर्मनीतल्या एक-दोन गावांत वाजली होती, तिथल्या मंडळींनी तिचं कौतुक केलं होतं, पण इथं ती अजून कुणी ऐकलेलीच नव्हती. पुण्यात ती पहिल्यांदा वाजायची होती पुढच्या महिन्यात.

"काय म्हणताय हे तुम्ही?" प्रगतीनं डोळे न उघडता विचारलं.

"आँ? मोठ्यानं झालं का?" आवाज तरुण होता, जरा दचकलेला. "पोरगं किरकिर करतंय म्हणून."

"नाही, म्हणा ना. कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात! आमच्या आत्या म्हनत्यात. म्हशीला."

तिचं नाव प्रेरणा. विंझरहून आली होती. आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, चंद्राबाई; त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या पट्टी काढायला आत गेल्या होत्या. एवढं बोलणं होईतो त्या बाहेर आल्याच. प्रगतीनं डोळे उघडले, पण औषधानं सगळं पांढरं झालं होतं. उजेडात एक लहानखुरी आकृती, नाकात चमकणारं काहीतरी, डोळ्यावर काळा चष्मा.

"ते व्हय?" चंद्राबाई म्हणाल्या. "ते म्हशीसंगं आलंय, बाई. करोनात म्हैस घेतली, वेल्ह्याच्या वरल्या धनगराकडनं. त्याची बायको वारल्याली, म्हैस तिच्या हातची. हितं आणली तर पान्हावंना. नुसत्या लाथा. मग आमच्या मालकांनी त्याला फोन लावला, तर त्यानं सांगितलं, धारंला बसताना असं असं करा. करून दाखीवलं फोनवर. लई लाजत व्हता, पर दाखीवलं."

"कोण धनगर?"

"हरिबा. हरिबा ढेबे."

काउंटरवरच्या मुलीनं पुकारलं, "प्रगती ढोबळे!" प्रगती उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. हरिबा ढेबे माझे वडील, हे सांगायला वेळ होता. तिनं सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस तिनं काही लिहिलं नाही. टेबलाशी बसायची, पेन्सिलीला टोक करायची, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघायची. आपल्याला नक्की काय झालंय ते तिला तपासून पाहायचं होतं, दुखऱ्या दाताला जिभेनं चाचपावं तसं. संगीतकार म्हणून तिचं नाव झाल्यापासून जेवढ्या मुलाखती झाल्या, त्या सगळ्या शेवटी डोंगराकडेच यायच्या. तुमची प्रेरणा काय? म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या घंटा का? पाऊसपाणी, ओव्या, धनगरी गजी नाच? प्रगती शांतपणे सांगायची, नाही. माझं संगीत भोरमधून आलं, मुलींच्या वसतिगृहाशेजारच्या एका खोलीतून. तिथं सावळाराम गुरुजी राहायचे, शाळेत प्रार्थना शिकवायचे, आणि त्यांच्याकडे पायानं भाता मारायची जुनी पायपेटी होती. एका दुपारी गुरुजींचा डोळा लागलेला असताना तिनं दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबल्या आणि सोडल्याच नाहीत. दोन सूर एकमेकांना घासून तिसरंच काहीतरी हवेत थरथरायला लागलं. गुरुजी जागे झाले. "असे जवळजवळ नसतात ठेवायचे गं," म्हणाले, "भांडतात ते," आणि तिचं बोट उचलून लांब ठेवलं. गुरुजी परत पेंगायला लागले तसं तिनं बोट पुन्हा जागेवर आणलं. बास, एवढंच. भोरहून पुणे, पुण्याहून शिष्यवृत्तीवर लाइपझिग, तिथली वर्षं, हे सगळं त्या थरथरीच्या मागं मागं जाण्यात गेलं. घंटा नाहीत, डोंगर नाहीत. खोली, कागद आणि एकमेकांशी भांडणारे सूर. मुलाखत घेणारे मान डोलवायचे, लिहून घ्यायचे, आणि लेखासोबत शेळ्यांचा फोटो छापायचे. तिकडच्या एका वर्तमानपत्रानं तर तिला हिमालयातली मेंढपाळ कन्या केलं होतं. घरी आयुष्यात कधी मेंढरं नव्हती. गवळी धनगर म्हणजे म्हशी, गाई आणि दूध.

आणि तिसरा भाग तर तिचा सगळ्यात स्वतःचा. तो कुठून आला असं विचारलं की ती म्हणायची, कुठूनही नाही. दोन हजार वीसचा वसंत, लाइपझिग बंद, विमानं बंद. आई इकडे वाडीवर पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली आणि येण्याचा काही मार्गच नाही. वकिलातीला फोन करून झाले, परतणाऱ्यांच्या यादीत नाव घालून झालं. धाकटा भाऊ रोहिदास रोज फोन लावायचा. वाडीवर मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी, गोठ्याच्या कोपऱ्यात. म्हणून फोन तिथंच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असायचा, आणि आईला आधी त्याच्यापाशी आणून बसवायचे, मग तिला बसवेना तेव्हा गोठ्याच्या दारातच तिची वाकळ घातली. सुरुवातीला आई बोलायची. जेवलीस का, थंडी हाय का, दार लावून घेत जा. मग बोलणं संपलं. फोन तरीही लावलेला राहायचा. इकडची संध्याकाळ, तिकडची दुपार. प्रगती फोन टेबलावर ठेवून आपलं काम करत राहायची. त्या दिवसांतलं तिला बाकी पुष्कळ आठवत होतं, समोरच्या झाडाला फुटलेली पानं, रिकामी ट्राम, कणकेला न मिळालेलं यीस्ट. पण फोनमधलं काही आठवत नव्हतं. तिथं शांतता होती. आई गेली, आणि नंतरच्या आठवड्यात तो सूर सबंधच्या सबंध आला, तिनं एका बैठकीत उतरवून काढला. समीक्षकांनी त्याला प्रार्थना म्हटलं. एकानं शेवटच्या त्या वर उठणाऱ्या स्वरांवर दोन पानं लिहिली, मृत्यूपुढे उभा केलेला प्रश्न वगैरे. पुण्यातल्या कार्यक्रमाच्या आयोजकांनी पत्रकात 'धनगरी लोकसुरांवर आधारित' असं घातलं, तेव्हा तिनं चिडून ते खोडायला लावलं होतं.

आता सरळ होतं. आई धार काढताना ते गुणगुणत असणार. पाळण्यात असल्यापासून आपल्या कानावर पडलं असणार. आपण ते विसरलो आणि आई गेल्यावर ते वर आलं. हे स्पष्टीकरण तिनं स्वतःला दोनतीनदा सांगून पाहिलं. त्यात एकही फट नव्हती आणि म्हणूनच ते तिला आवडलं नाही. कुणीतरी आपल्याला लुटलंय असं वाटत होतं, आणि त्याच वेळी थोडा कंटाळाही येत होता. म्हणजे शेवटी शेळ्यांचा फोटो छापणारेच बरोबर होते. इतकी वर्षं आपण जे नाही म्हणून सांगत आलो नेमकं तेच आहोत, एवढंच. आईबद्दल काही वाटतंय का, ते तिनं शोधलं. सापडलं नाही.

रविवारी तिनं स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरली. चेलाडी फाट्यावर गाडी हायवे सोडून आत वळली, आणि भोरकडे जाणारी वाहनं सरळ निघून गेली, तिकडं उत्रोलीची भातखाचरं, पूल, शाळा. गुरुजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पायपेटी कुणी नेली असेल कोण जाणे. विंझरला गाडी थांबली तेव्हा तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. मोबाईल रिचार्जचं दुकान, खतांची पोती, एका घरापुढं बांधलेली म्हैस रवंथ करत होती. तीच असेल. कुठलीही असेल. गाडी हलली. वेल्ह्याला रोहिदास मोटरसायकल घेऊन उभा होता. वर जाताना वाऱ्यात तो काहीबाही ओरडून सांगत होता, रस्त्याचं काम, दुधाचा टेम्पो आता वाडीच्या खालपर्यंत येतो, आणि ती मागं बसून नुसतं हूं म्हणत होती. वाडीवर ती आता पाहुणी होती. रोहिदासच्या बायकोनं, धनश्रीनं, तिला बसायला खुर्ची दिली, बाकी सगळी जमिनीवर. आबा रानातून आले, काठी कुडाला टेकवली, "परगती, कवा आलीस?" म्हणाले आणि तिच्याकडं न बघता हातपाय धुवायला गेले. ते पहिल्यापासून असेच. चांगले सत्तरीच्या पुढचे, वाळलेले, मोजकं बोलणारे. त्यांना कधी गाताना तर सोडाच, शीळ घालतानाही तिनं ऐकलं नव्हतं.

चहा झाला. मग तिनं विचारलं.

"आबा, आई धार काढताना काय गुणगुणायची?"

"कोन, तुजी आय?" आबांनी बशी खाली ठेवली. "ती कशाची गुणगुणती. शिव्या द्यायची."

धनश्री पदर तोंडाला लावून हसली. "लई. साऱ्या वाडीला ऐकू जायच्या. पोरं म्हनायची, भामाबाईंची धार सुरू झाली."

"मग विंझरच्या चंद्राबाईंना तुम्ही फोनवर काय शिकवलंत?"

आबा पायाशी पडलेली काडी उचलून तिचे तुकडे करायला लागले. "तुला कुनी सांगितलं?"

"त्याच भेटल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात."

"सांगा की आबा," रोहिदास म्हणाला. "आता काय लाजायचं?"

"लाजायचं न्हाई तर काय," आबा म्हणाले. गोठ्यात म्हशीनं शेपूट आपटलं. मग ते काडीकडं बघतच बोलायला लागले. "तुजी आय पडली आन् मोरी म्हैस धार देईना. मी गेलो की लाथ, ही सून गेली की लाथ. तिला तुज्या आयचीच सवं. रेडकू मेल्यालं, दूध तटलं तर म्हैस जायाची. मग एक दिस तुज्या आयचं लुगडं घेतलं आन् डोक्यावरनं गुंडाळलं. वासानं जरा उभी ऱ्हायली. पर पान्हावंना. कान टवकारून नुसती बघतीया माज्याकडं. तवा म्हनलं, ही शिव्यांची वाट बघतीया."

"मग दिल्यात?"

"कशा देनार? ती हितं दारात पडल्याली. मानूस मरायला टेकलंय आन् त्याच्याच शिव्या त्याच्याच आवाजात काडायच्या व्हय? मग तोंड मिटून केलं. शबूद आत गिळायचे, हेल तेवढा भाईर सोडायचा. बाईवानी बारीक आवाजात."

"आणि म्हैस?"

"सोडला की पान्हा."

"आईला कळलं?"

आबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. तोंडावर हसू होतं का, ते संध्याकाळच्या उजेडात नीट कळलं नाही. "कळंल न्हाई तर! पयल्याच दिशी म्हनली, आवो, शेवट चुकला तुमचा. 'म्हंते न्हवं' हे वर उचलून म्हनायचं. मग दुसऱ्या दिशी वर उचललं. मग हसली. पोट दुकायचं हसताना, तरी हसली. रोज ऐकायची."

"तू बी ऐकायचीस की," रोहिदास म्हणाला. "फोन खुंटीलाच असायचा, चालू. आबा धारंला बसायचे, आई पडल्याली, आमी कुनी बोलायचो न्हाई आन् तूबी न्हाई. तुज्या पेन्सिलीचा आवाज यायचा, खरखर. आई म्हनायची, लिहितीया."

प्रगती खुर्चीत होती तशीच बसली. शांतता, असं जे ती इतकी वर्षं म्हणत आली होती, तिच्यात आता हळूहळू माणसं दिसायला लागली. सत्तरीला आलेला एक पुरुष डोक्यावर बायकोचं लुगडं घेऊन उकिडवा बसलाय. दारात पडलेली बाई कान देऊन ऐकतेय, आपली नक्कल नीट होतेय का नाही. आणि दूर कुठंतरी, बंद पडलेल्या शहरात, एक मुलगी कागदावर मान घालून बसलीय आणि तिला वाटतंय की आपल्याला काही ऐकू येत नाही. आईचा रागाचा हेल, आबांनी शब्द गिळून केलेला, आईनं दुरुस्त केलेला, फोनमधून तिच्या टेबलावर सांडत राहिलेला. तिनं फक्त उतरवून घेतला होता. तिला लुटल्यासारखं आता वाटत नव्हतं. काय वाटत होतं त्याला नाव देता येईना, आणि तिनं ते देण्याची घाईही केली नाही.

"शब्द काय होते, आबा?"

"छ्या," म्हणून आबा उठले. "सुनंच्या देखत?" आणि काठी घेऊन खाली पाण्याकडं निघून गेले. धनश्रीनं ते दिसेनासे होईपर्यंत वाट पाहिली आणि मग कंबरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, भामाबाई केली.

"सर गं सटवे, सर गं भवाने, सर म्हंते. पाय फिरव. फिरव, फिरव तुजं मढं गेलं ते. फिरव म्हंते न्हवं?"

प्रगती मनातल्या मनात रेघांवर ठेवत गेली. उतरणाऱ्या पायऱ्या, सर गं सटवे. चेलो जिथं अडून बसतो तिथं पाय फिरव. दोन पानांचा तो मृत्यूपुढचा प्रश्न म्हणजे म्हंते न्हवं. ती इतकी मोठ्यानं हसली की गोठ्यातली म्हैस बिचकली आणि धनश्रीही हसायला लागली. हसता हसता प्रगतीला दम लागला, धनश्रीनं पाणी आणून दिलं, आणि ते पिताना तिच्या लक्षात आलं की आपले गाल ओले आहेत. तिनं ते पुसले. इतकंच.

तालीम पुढच्या आठवड्यात होती. वाजवणारे चौघंही तरुण होते, चेलोवरचा इंद्रजित त्यातला सगळ्यात गंभीर. तिसरा भाग त्यांनी डोळे मिटून वाजवला, अतिशय हळू, देवळात पाय वाजू नयेत म्हणून चालावं तसा. संपल्यावर प्रगती मागच्या रांगेतून उठून पुढं आली.

"एवढा हळू नको," ती म्हणाली. "आणि एवढा पवित्र तर अजिबात नको."

"तुम्हीच लिहिलंय वर, 'शांत, दूरस्थ'," इंद्रजित म्हणाला.

"माहितेय. खोडा ते."

"मग काय लिहू?"

"वैतागून."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. "कुणावर?" इंद्रजितनं विचारलं. थट्टा करत नव्हता. त्याला खरंच हवं होतं.

"म्हशीवर," प्रगती म्हणाली, आणि मग तिनं त्यांना ते वाक्य सांगितलं. पहिल्यांदा तिनं ते नुसतं सांगितलं, पुण्यात बोलतो तसं, आणि ते तिथंच सपाट पडलं. कुणाला काही कळलं नाही. मग तिनं चष्मा काढून हातात घेतला आणि हेलासकट म्हटलं. सभागृह रिकामं होतं, त्यामुळं आवाज मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आला. दोन्ही व्हायोलिनवाल्या मुली खो खो हसायला लागल्या. इंद्रजित हसला नाही. तो ओठ हलवत ते स्वतःशी म्हणत होता, आणि त्याचा डावा हात तारांवर जागा शोधत होता.

दाराशी उभे असलेले आयोजक पुढं आले. पत्रक छापायला जायचं होतं. "म्हणजे मॅडम, लोकसुरांवर आधारित, हे परत घालू या ना?" ते जरा आशेनं म्हणाले.

"नको. लोकांचा नाहीये तो."

"मग?"

"एका नवरा-बायकोचा आहे. त्यांची नावं देते. भामाबाई आणि हरिबा ढेबे. खाली माझं. मी लिहून घेतला."

आयोजक काहीतरी विचारणार होते, पण इंद्रजितनं गज तारेवर टेकवला होता. त्यानं सुरुवात केली. पहिल्यांदा जरा भीत, आणि मग पाय फिरवच्या जागेवर त्यानं असा काही रेटा दिला की चेलोचं लाकूड करकरलं. सूर घासला गेला, खरखरला, दुसऱ्या व्हायोलिनशी भांडला. प्रगतीनं त्याला थांबवलं नाही. शेवट त्यानं वर उचलला आणि सोडून दिला, आणि चौघंही थांबले. तिथं लांबलचक विराम लिहिलेला होता. का लिहिला होता ते तिला कधीच सांगता आलं नव्हतं, विचारलं तर ती म्हणायची, तिथं थांबावंसं वाटलं. आत्ता ती त्या विरामात उभी होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरलाय, हात हलवत नाही, कुणी हलू नये असं आपल्याला वाटतंय, कारण पान्हा सुटायच्या वेळी कुणी हललं तर सगळं फुकट जातं. मग व्हायोलिनवाल्या मुलीनं गज खाली ठेवला आणि पुढच्या भागाची पहिली तार बोटानं छेडली. टप्. मग एक. मग दोन्ही व्हायोलिनं मिळून, लागोपाठ, रिकाम्या भांड्याच्या तळावर.